एकट्यांचा खोका आणि रणदिवेबाई

प्रमोदिनी रणदिवे यांच्याशी माझी ओळख भांडणातून झाली. साल १९८४. ठाणे स्टेशनच्या बाहेर बाजाराकडे वळणाऱ्या गल्लीत हरिहर चौबळ यांचं कॅसेटचं दुकान होतं. मी राहायला डोंबिवलीत, ठाकुर्लीच्या अंगाला, आणि नोकरी ठाण्यात, विमा कंपनीच्या कचेरीत. संध्याकाळी घरी जाण्याआधी चौबळांकडे डोकावायचं ही माझी सवय. लहानपणी मी तबला शिकलेलो, त्यामुळे गाण्यातलं आपल्याला कळतं असा माझा समज होता. तो अजूनही आहे.

दुकानात दर्शनी भागात सिनेमाची गाणी, भजनं, नाट्यगीतं असा नेहमीचा माल. गल्ल्याच्या खाली मात्र एक पुठ्ठ्याचा खोका असे. त्यात कुठल्याही कंपनीने न काढलेल्या कॅसेट. कुणीतरी स्वतः गाणं लिहायचं, स्वतः चाल लावायची, स्वतःच गायचं आणि कल्याणला नाहीतर मुलुंडला एखाद्या छोट्या स्टुडिओत जाऊन थोड्याशा प्रती काढायच्या. गीतकार, संगीतकार, गायक सगळा एकच माणूस, म्हणून चौबळ त्यांना ‘एकटे’ म्हणत. या कॅसेट फारशा कुणी विकत घेत नसे. तरी कुणी एकटा दारात आला की चौबळ त्याला बसवून चहा पाजत आणि कॅसेट ठेवून घेत.

त्या संध्याकाळी गल्ल्यावरच्या टेपवर असाच एक एकटा लागलेला होता. अंबरनाथच्या कारखान्यातला कुणी फिटर, गिटारवर मराठी गाणी म्हणत होता. मी चौबळांना म्हणालो की याला सम सापडत नाही, बिचारा गिटार गळ्यात अडकवून ती शोधत फिरतोय. शेजारी पंचेचाळिशीच्या एक बाई उभ्या होत्या. साधी वॉयलची साडी, खांद्याला ऑफिसची पर्स. माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, “सम सापडत नाहीये हे खरं. पण काय सांगायचंय ते त्याला सापडलंय. तुमच्या ऐकण्यात असे किती आहेत?”

मी ताल म्हणजे काय ते समजवायला लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की कॅसेट मी कुठपर्यंत ऐकली आहे. मी दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर आत आलेलो. “मग पूर्ण ऐका आणि भांडा,” त्या म्हणाल्या. त्यांनी कॅसेट विकत घेतली, मला कोपरीचा पत्ता सांगितला आणि रविवारी सकाळी यायला सांगून निघून गेल्या. चौबळ हसत होते. म्हणाले, जा तुम्ही, मीही असतोच तिथे.

असा मी त्या घरात गेलो आणि पुढे वर्षानुवर्षं जात राहिलो.

रणदिवेबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, ट्रंक कॉल जोडून देण्याच्या कामावर. दिवसभर कानाला हेडफोन आणि त्यात देशभरचे आवाज. नुसत्या ‘हॅलो’वरून पलीकडच्या माणसाकडे सुखाची बातमी आहे की दुःखाची, हे आपल्याला कळतं असं त्या सांगत. गाणं त्या कधी शिकल्या नव्हत्या. माहेरी, ठाण्यातच, घरात नाट्यसंगीताचं वेड. भावंडं सगळी गाणारी. यांचा आवाज जाड, म्हणून यांना लहानपणीच ऐकणाऱ्यांत बसवलं गेलं. त्याचं त्यांना वाईट वाटत असेल असं मला कधी दिसलं नाही. ऐकणं हेच त्यांनी मनावर घेतलं होतं.

एकट्यांचंच का, असं मी सुरुवातीला विचारलं होतं. त्यांचं म्हणणं असं की बाकीच्या गाण्यांत जबाबदारी वाटली जाते. गाणं पडलं तर गायक कवीकडे बोट दाखवतो आणि कवी चालीकडे. इथे लपायला कुणाची पाठ नाही. चूक झाली तरी ती त्याच माणसाची असते, आणि अशी अस्सल चूकसुद्धा त्यांना ऐकायला आवडायची.

रविवारच्या बैठकीचा नियम एकच होता. कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. नंतर काय वाटेल ते बोला. त्यांचे यजमान जयवंतराव यांना या गाण्यांत काडीचा रस नव्हता. आम्ही आलो की ते आम्हाला खुर्च्या काढून देत आणि जिमखान्यावर पत्ते खेळायला निघून जात. बाई, चौबळ आणि मी असे तिघं नेहमीचे. एक्स्चेंजमधल्या मैत्रिणी अधूनमधून येत. बाजू संपली की बाई टेपचं बटण दाबत आणि माझ्याकडे बघत. मी सुरू करायचो. बहुतेक वेळा मी सुरांवर, लयीवर घसरायचो. त्या शब्दांवर आणि गाणाऱ्याच्या धिटाईवर ठाम राहायच्या. चौबळ दोन्हीकडून बोलायचे, कारण त्यांना उद्या दोघांनाही गिऱ्हाईक म्हणून बघायचं होतं.

मला त्यांचा खरा आदर वाटू लागला तो दुसऱ्याच एका गोष्टीने. गाणं आवडलं की त्या गाणाऱ्याला शोधून काढून, त्याच्यापर्यंत जाऊन तसं सांगायच्या. अंबरनाथच्या त्या फिटरला भेटायला त्या कारखान्याच्या फाटकाशी जाऊन बसल्या. तो पाळी संपवून बाहेर आला तर त्याला वाटलं या बाई सरकारी आहेत, काहीतरी चौकशी आहे. तुमचं तिसरं गाणं मला फार आवडलं आणि पाचवं अजिबात नाही, हे सांगायला कुणी ठाण्याहून येतं यावर त्याचा विश्वासच बसेना. पाचवं का आवडलं नाही, यावर ती दोघं तिथेच चहाच्या टपरीवर बोलत राहिली. मी त्यांना म्हणालो, पत्र टाकायचं होतं. त्या म्हणाल्या, “त्याने गाऊन सांगितलं. मी निदान तोंडाने सांगायला नको का?”

१९८७ मध्ये खोक्यात शेवंती आली.

कॅसेटवर चित्र नव्हतं. नुसतं नाव, ‘शेवंती कोळी’, आणि खाली ‘साथ : गुणाजी कोळी’. एक बेंजो आणि एक आवाज. लग्नाच्या वरातीत वाजतो तोच बेंजो, पण इथे तो अगदी सावकाश, एकेक सूर ठेवत वाजत होता. पहिलंच गाणं असं होतं :

पानी आयलं, पानी गेलं,
चिखलान पाय माजं रायलं.

ओहोटीच्या वेळी काठावर होडीची वाट बघणाऱ्या बाईचं गाणं. होडी येते की नाही ते गाण्यात सांगितलेलंच नाही. दुसऱ्या कडव्यात एका ओळीनंतर ती थांबते. बेंजो चालूच राहतो आणि ती थांबलेलीच. आता पुढे काही येणार नाही असं वाटतं आणि मग ती ओळ येते.

बाजू संपली, बाईंनी बटण दाबलं. मग अर्थात मीच सुरू केलं. म्हटलं, आवाज चांगला आहे, पण हे कोळीगीत नव्हे. कोळीगीताला ठेका हवा, पाय उचलले पाहिजेत. बाई म्हणाल्या, “कोळणीने म्हटलं म्हणजे ते कोळीगीतच व्हायला पाहिजे का? तुम्ही विमाकचेरीत आहात, तुम्ही काय विमागीतं म्हणता?” चौबळ इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पण आमचं खरं वाजलं ते त्या थांबण्यावरून. मी म्हणालो, तिथे लय तुटली आहे, सरळ चूक आहे. बाई म्हणाल्या, ते मुद्दाम आहे. डोक्यावर पाटी घेतलेली बाई बोलता बोलता दम घ्यायला थांबते तसं. हा वाद दोन रविवार चालला. शेवटी त्या म्हणाल्या, आपण दोघं जाऊन तिलाच विचारू.

शेवंतीचं घर खाडीकाठच्या कोळीवाड्यात, कोपरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. ती सकाळी मासळीबाजारात बसायची आणि दुपारी घरी असायची. तिचा नवरा गुणाजी होडी घेऊन खाडीत जायचा आणि लगीनसराईत बेंजो पार्टीत वाजवायचा. आम्ही गेलो तेव्हा तो ओट्यावर जाळं सांधत बसला होता. शेवंती तिशीची, उंच, बोलायला मोकळी. कॅसेट ऐकून कुणी घरी आलंय म्हटल्यावर तिने आधी सासूला हाक मारून बोलावलं, की बघा, ऐकलं हो कुणीतरी.

बाईंनी आमचा वाद तिच्यापुढे मांडला. अगदी नीट, माझी बाजूसुद्धा माझ्यापेक्षा चांगली मांडली. शेवंती गुणाजीकडे बघून हसू दाबायला लागली.

“तिथं मी शब्द इसरले,” ती म्हणाली. “यांनी बेंजो चालू ठेवला म्हनून निभावलं. परत सुरुवातीपासून कोन गानार?”

सगळ्यांत मोठ्याने रणदिवेबाई हसल्या. मग म्हणाल्या, आता शब्द आठवत असतील तर ऐकवशील का? शेवंतीने तिथेच ओट्यावर गाणं म्हटलं. त्या जागेवर आली आणि पुन्हा तेवढीच थांबली. संपल्यावर तिला विचारलं तर म्हणाली, “आता थांबल्याशिवाय म्होरं जाताच येत नाय.” परत येताना मी म्हणालो, मी बरोबर होतो, ती चूकच होती. बाई म्हणाल्या, “होती.”

त्या दिवसापासून शेवंती आणि गुणाजी कोपरीच्या बैठकीला येऊ लागले. शेवंतीला दुसऱ्या एकट्यांची गाणी ऐकायची भारी हौस. फिटरचं तिला काहीच आवडलं नाही. गुणाजीला सगळंच आवडायचं.

पुढच्या वर्षी बाईंनी डोंबिवलीत एका शाळेचा हॉल घेऊन एकट्यांचा कार्यक्रम केला. खुर्च्या मांडायचं काम माझ्याकडे होतं. फिटर गायला, कल्याणचे एक निवृत्त पोस्टमास्तर गायले, मग शेवंती. तिने पहिलं गाणं म्हटलं आणि मागच्या रांगांतून फर्माइश सुरू झाली, काहीतरी नाचाचं होऊ दे, ठेक्याचं होऊ दे. बाई पहिल्या रांगेतून उठल्या, माइकजवळ गेल्या आणि एक्स्चेंजमधल्या त्यांच्या त्या सरळ, स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “ठेक्याचं ऐकायला वराती आहेत. आज हिने जे लिहिलंय ते ऐकायचंय. ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी बाहेर चहा तयार आहे.” काही लोक खरंच उठून गेले. बाकीचे बसून राहिले, आणि चहा घेतलेल्यांपैकीही बरेचजण हळूहळू परत येऊन दाराशी उभे राहिले.

त्या कार्यक्रमाला मुंबईच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस आला होता. त्याला शेवंतीचा आवाज आवडला. तिने कंपनीसाठी गावं, ढोलकी असेल, कोरस असेल, चाली थोड्या उडत्या करू, असं त्याचं म्हणणं. कोपरीला यावर मोठी चर्चा झाली. बाईंना ते पसंत नव्हतं. गाण्याचं अंगच जाईल असं त्यांना वाटत होतं. मी म्हणालो, अहो, पोचेल तरी. खोक्यात ठेवून कुणासाठी गायचं? शेवंती आमचं दोघांचं ऐकत होती. मग म्हणाली की मला ढोलकीवर गाऊन बघायचंय, माझ्या लग्नातपण ढोलकीच होती. बाई लगेच म्हणाल्या, “गाणं तुझं आहे. जा, आणि चांगलं गा.” त्यानंतर त्यांनी त्या विषयावर एक शब्द काढला नाही.

१९८९च्या लगीनसराईत ती कॅसेट आली आणि दणक्यात चालली. कोपरीपासून दिव्यापर्यंत आणि पुढे कल्याणपर्यंत, मांडव दिसला की ‘पानी आयलं, पानी गेलं’. लोक त्या गाण्यावर नाचत होते. रविवारी आम्ही नियमाप्रमाणे एक बाजू पूर्ण ऐकली. मला वाटलं आता बाई तोडणार. त्या म्हणाल्या, “नाचावंसं वाटतंय. खोटं कशाला बोला?” मग म्हणाल्या, दुसरं गाणं तर पहिल्यापेक्षा चांगलं झालंय, पण ‘पानी’मधली वाट बघणारी बाई हरवली.

चौबळ कॅसेटचं कव्हर हातात घेऊन बसले होते. त्यांनी ते बाईंपुढे धरलं. वर होडीपाशी नाचणाऱ्या जोडप्याचं चित्र. मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘गायिका : शेवंती आणि साथी’. त्याखाली ‘गीत, चाल : पारंपरिक’.

त्या दिवशी माझं आणि बाईंचं आजवरचं सगळ्यांत कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणालो, आणि अजूनही मला त्यात तथ्य वाटतं, की यापेक्षा मोठा मान नाही. दोन वर्षांपूर्वी लिहिलेलं गाणं लोकांना पिढ्यान् पिढ्या चालत आल्यासारखं वाटतंय. असं किती जणांच्या नशिबी येतं? बाईंचा चेहरा लाल झाला. त्या म्हणाल्या, “ज्याला हा मान वाटतो त्याने आधी स्वतःचं नाव पुसून दाखवावं. सुधीरराव, तुम्ही तुमच्या स्कूटरवरसुद्धा नाव घातलंय.”

शेवंती मात्र शांत होती. लोक गातात ना, बस झालं, असं ती म्हणाली. गुणाजीला राग आलेला, पण तोही गप्प बसला. मला वाटलं बाई आता कंपनीवर धावून जातील. त्या गेल्या नाहीत. मला म्हणाल्या, जिचं नाव आहे तिला हवं असेल तेव्हा. मला राग येतो म्हणून तिचं भांडण मी कशी काढू? त्यांचा स्वभाव बघता हे गप्प बसणं त्यांना किती जड गेलं असेल, ते आम्हालाच माहीत.

मग दिवा गावात एक साखरपुडा झाला. शेवंतीच्या नात्यातल्या मुलीचा. दुपारी बायका गाणी म्हणायला बसल्या आणि शेवंतीला आग्रह झाला. तिने ‘पानी आयलं’ म्हटलं, पण आपल्या जुन्या, सावकाश चालीत. दुसऱ्या कडव्यात ती थांबली, तशी नवऱ्या मुलाकडची एक बाई तिला सांभाळून घेत म्हणाली की ताई, तुम्ही चुकताय, हे असं नाही, कॅसेटमध्ये असं आहे. आणि सगळ्या बायकांनी मिळून तिला टाळ्या वाजवत कॅसेटमधलं म्हणून दाखवलं.

शेवंतीने त्यांना काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी बाजार आटोपून ती थेट कोपरीला आली. तो काही रविवार नव्हता, पण बाईंची पाळी सकाळची असल्याने त्या घरी होत्या. पुढचं मी बाईंच्या तोंडून ऐकलं. शेवंती खुर्चीवर न बसता दाराशीच उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, मना माजंच गानं चुकीचं म्हनून दाखवलं. आता मना नाव पायजे.”

पुढल्या आठवड्यात त्या दोघी आणि मी कंपनीच्या कचेरीत गेलो. तोच डोंबिवलीला आलेला माणूस भेटला. वागायला सभ्य होता. त्याने सरबत मागवलं. बाईंनी जुनी कॅसेट त्याच्यापुढे ठेवली आणि सांगितलं की हे गाणं हिने लिहिलंय, चालही हिचीच, तुमच्याही आधी ते निघालेलं आहे. तो हसून म्हणाला, “कोळीगीतं कोण लिहितं, बाई? ती असतातच.” शेवंती त्याच्याकडे बघत राहिली. तिला राग आल्यासारखा दिसला नाही. तिने फक्त विचारलं की मग माझ्या आधी हे कुठे होतं? त्याने सरबताचा पेला तिच्यापुढे सरकवला. पण नाव घालतो असं काही तो म्हणाला नाही.

ठाण्याला उतरल्यावर घरी न जाता बाई सरळ चौबळांच्या दुकानात शिरल्या. तिथे जे ठरलं त्याला आम्ही पुढे ‘डिंकाचं वर्ष’ म्हणायचो. चौबळांचा एक मित्र लग्नपत्रिका छापायचा. त्याच्याकडून बोटभर रुंदीच्या पट्ट्या छापून घेतल्या : ‘गीत आणि चाल : शेवंती कोळी’. दुकानात येणाऱ्या प्रत्येक कॅसेटवर ‘पारंपरिक’च्या वर ती पट्टी चिकटवायची. चौबळांनी स्वतःपासून सुरुवात केली. मग बाई सुटीच्या दिवशी पर्समध्ये पट्ट्या आणि डिंकाची बाटली घेऊन ठाण्यातल्या दुकानादुकानांतून फिरू लागल्या. दुकानदाराला आधी सगळी हकिकत सांगायची, मग त्याच्या परवानगीने पट्ट्या लावायच्या. एखाद्याने नकार दिला तर नमस्कार करून निघायचं आणि पुढच्या महिन्यात परत जायचं. गुणाजीने बेंजो पार्ट्या धरल्या. वरातीत ते गाणं वाजवण्याआधी माइकवर शेवंतीचं नाव घ्यायचं, असं तो ओळखीच्या प्रत्येकाला सांगू लागला.

कल्याण आणि डोंबिवली माझ्याकडे आलं. मी बाईंना म्हणालो की माझं मत तुम्हाला ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, “मत ठेवा ना तुमच्याकडे. पट्ट्या लावा.” मी लावल्या. डोंबिवलीत एका दुकानदाराने मला विचारलं की तुम्ही त्यांचे कोण. मी म्हणालो, ऐकणारा.

काही महिन्यांनी कंपनीचा माणूस तणतणत चौबळांच्या दुकानात आला. आमच्या कव्हरवर हे काय चिकटवता, ठाण्यापासून कल्याणपर्यंत एक कॅसेट धड दिसत नाही, असं तो बोलू लागला. योगायोगाने मी तिथेच होतो. चौबळांनी त्याला बसायला स्टूल दिलं, चहा सांगितला आणि म्हणाले, “मग तुम्हीच छापा की. आमचा डिंक वाचेल.”

दुकानात उभी असलेली गिऱ्हाइकं हसली. एका मुलीने तर त्याला विचारलं की शेवंती कोळीची नवीन कॅसेट कधी येणार? तो माणूस चहा न पिता उठला. पण पुढची आवृत्ती आली तेव्हा ‘पारंपरिक’ गेलं होतं आणि त्या जागी शेवंतीचं नाव छापलेलं होतं, तेही ठळक.

बाईंनी ती कॅसेट स्वतः कोळीवाड्यात नेली. आम्ही सगळे बरोबर होतो. शेवंती चौथीपर्यंत शिकलेली. तिने कव्हर उजेडात धरून एकेक अक्षर लावत आपलं नाव वाचलं, मग सासूला वाचून दाखवलं, मग शेजारणीला. डोळे भरलेले होते, तरी ती हसत म्हणाली की आता या वरच्या चित्रातल्या बाईचं काय करायचं, ती काय मी नाय. बाईंनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यांना एवढं हळवं झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

नंतर शेवंतीने स्वतःची दुसरी कॅसेट काढली, पुन्हा नुसत्या बेंजोवर. ती फारशी खपली नाही. चौबळांनी ती खोक्यात न ठेवता दर्शनी फळीवर ठेवली. कंपनीसाठीही ती वर्षा-दोन वर्षांनी गात राहिली, प्रत्येक वेळी नाव छापून घेऊन. फिटरने गाणं सोडलं. त्याचं बाईंना फार वाईट वाटलं. त्या दोनदा अंबरनाथला जाऊन आल्या, पण त्याने ऐकलं नाही.

नव्वद साल उलटल्यावर घरोघरी थेट बाहेरगावी फोन लागू लागले आणि ट्रंक कॉलची खोली बंद झाली. बाईंना तक्रार विभागात टाकलं. त्यांना ते काम आवडलं नाही, पण तिथेही त्या लोकांचं पूर्ण ऐकून घेत. त्यामुळे त्यांच्या टेबलापुढची रांग सगळ्यांत लांब असे आणि साहेब त्यांच्यावर वैतागत. १९९७ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

त्याच्या पुढच्या वर्षी शेवंती एका रविवारी नवीन गाणं घेऊन आली. खाडीत भराव पडतोय, मासळी कमी झाली, त्यावरचं गाणं. तिने म्हणून दाखवलं. मला ते मनापासून आवडलं आणि मी तसं लगेच सांगितलं. चौबळांनी दाद दिली. शेवंतीने बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की मधलं कडवं पेपर वाचून लिहिल्यासारखं वाटतंय, त्यात तू नाहीस.

शेवंती चिडली. खाडी माझ्या दारात आहे, मला पेपर कशाला लागतो, असं म्हणाली. मी तिची बाजू घेतली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी एका एकटीच्या बाजूने आणि बाई विरोधात, असं झालं होतं. जेवणाची वेळ टळून गेली तरी आम्ही वाद घालत होतो. बाई जागच्या हलल्या नाहीत. इतक्या जवळच्या माणसाला न आवडलेलं न आवडलं म्हणून सांगणं सोपं नसतं. मी स्वतः तेवढं धैर्य दाखवू शकलो असतो की नाही, कोण जाणे. शेवंती निरोप न घेताच गेली.

नंतर काही रविवार ती आली नाही. बाई रोजच्यासारख्या बोलत-वागत होत्या, पण टेपचं बटण दाबायच्या आधी एकदा दाराकडे बघायच्या. मग एका सकाळी शेवंती आली, गुणाजीसह, बेंजो घेऊन. खुर्चीवर बसली आणि सरळ गायलाच लागली. मधलं कडवं नवीन होतं. तिच्या सासूबद्दल होतं. भराव पडलेल्या जागी रोज जाऊन उभी राहणाऱ्या, आणि होड्या कुठे लागायच्या ते बोटाने दाखवणाऱ्या म्हाताऱ्या बाईबद्दल. बाकी सगळं जसंच्या तसं.

गाणं संपल्यावर ती बाईंना म्हणाली, “एक कडवं तुमचं आयकलं. बाकीचं माजं मी ठेवलंय. ते नाय बदलनार.”

“नकोच बदलू,” बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले, टेपमध्ये कोरी कॅसेट घातली आणि तिला पुन्हा एकदा पहिल्यापासून म्हणायला सांगितलं.